पुढच्या हिवाळ्यात कारखाना असेल ना?

मिनेसोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, थीफ रिव्हर फॉल्स नावाचं नऊएक हजार वस्तीचं गाव आहे. स्नोमोबाईल बनवणाऱ्या आर्क्टिक कॅटचा कारखाना याच गावात. २०२४ साल संपता संपता या कारखान्याची मालक कंपनी टेक्स्ट्रॉन हिने जाहीर केलं की इथलं उत्पादन थांबवण्यात येईल आणि या धंद्याचं पुढं काय करायचं याचा विचार चालू आहे. थंडी पडू लागली होती, दुकानांत नव्या हिरव्या गाड्या लागल्या होत्या. काही गिऱ्हाइकांनी तर आठ-नऊ महिने आधीच आगाऊ पैसे भरून गाडी नोंदवलेली होती. त्या सगळ्यांपुढं एकच प्रश्न उभा राहिला. आज गाडी घेतली आणि दोन वर्षांनी पिस्टन गेला, तर तो मिळणार कुठून?

गाडीत खोट आहे असं कोणी म्हणत नव्हतं. कॅटनं नुकतीच ‘कॅटॅलिस्ट’ नावाची नवी चासी आणली होती; ती हलकी होती, वळायला चपळ होती आणि तिचं कौतुकही होत होतं. तरी विक्री हादरली. खरेदीदार गाडीच्या भरवशाबद्दल बोलतो तेव्हा तो दोन हिशेब एकत्र करत असतो. यंत्र दगा देईल का हा एक, आणि यंत्र बनवणारा दगा देईल का हा दुसरा. पहिल्याची चर्चा रात्र रात्र चालते. धंद्याचं भवितव्य मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यावर ठरतं, आणि आर्क्टिक कॅटच्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात हे दोनदा दिसलं आहे.

आपल्यापैकी ज्यांनी स्नोमोबाईल पाहिली आहे त्यांनी बहुधा गुलमर्गला पाहिली असेल. पुढं दोन स्की, मागं खाचांचा रबरी पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी बैठक. पर्यटक एका फेरीचे पैसे मोजतो, चालकाच्या मागं बसतो, फोटो काढतो आणि उतरतो. गाडी बंद पडली तर दुसरी येते. सियाचिनसारख्या ठिकाणी लष्कर तिला स्नो स्कूटर म्हणून वापरतं. तिथं बंद पडण्याचा अर्थ फार वेगळा. उत्तर अमेरिकेतला गिऱ्हाईक या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतो. तो पंधरा-वीस हजार डॉलर स्वतःच्या खिशातून घालतो, वर्षातले जेमतेम तीन-चार महिने गाडी चालवतो, आणि चालवतो तेव्हा घरापासून साठ-सत्तर किलोमीटर लांब, झाडीत, फोनला रेंज नाही अशा जागी, उणे पंचवीस तापमानात असतो. सूर्य साडेचारला मावळलेला असतो. मौजेची गाडी आणि जिवाचा आधार या दोन्ही भूमिका तिथं एकाच यंत्राला कराव्या लागतात, आणि गिऱ्हाइकाचं तिच्यावरचं प्रेम किंवा राग इतका टोकाचा का असतो याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

यंत्र आतून तसं साधं आहे. ज्यांना किनेटिक होंडा आठवते त्यांना ते लगेच कळेल. टू-स्ट्रोक इंजिन, गिअर बदलायचे नाहीत, दोन पुल्या आणि त्यांच्यामधून फिरणारा रबरी बेल्ट. वेग वाढला की एक पुली आवळते, दुसरी उघडते. स्नोमोबाईलमध्ये नेमकी हीच मांडणी आहे, फक्त इंजिन साडेआठशे सीसीच्या आसपासचं आणि ताकद दीडशे अश्वशक्तीच्या वर. इंधन-तेल न भरता डोंगरी मॉडेलचं वजन दोनशे किलोच्या आसपास. एवढी ताकद एका रबरी बेल्टमधून जाते म्हटल्यावर बेल्ट कधीतरी तुटणारच. म्हणून बॉनेटखाली एक जादा बेल्ट ठेवल्याशिवाय जाणता माणूस घराबाहेर पडत नाही. तो बदलणं हा बिघाड मानलाच जात नाही.

खरी भीती पिस्टनची. थंड हवा दाट असते. तापमान उणे दहावरून उणे तीसवर गेलं की त्याच आकारमानाच्या हवेत ऑक्सिजन जास्त येतो आणि त्या मानानं पेट्रोल कमी पडतं. मिश्रण असं पातळ झालं की ज्वलन तापतं, पिस्टनचं ॲल्युमिनियम फुगतं आणि सिलिंडरला चिकटतं. कार्ब्युरेटरच्या काळात म्हणूनच हवामान पाहून जेट बदलावे लागत. पहाटेच्या गारठ्यासाठी लावलेला जेट दुपारी जड पडे, आणि दुपारचा जेट ठेवून पहाटे निघालेला माणूस पिस्टन जाळून घेई. संगणकानं चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शननं हा ताप बराच संपवला. इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्सचं ‘ई-टेक’ इंजिन २००९ च्या मॉडेलांत आलं तेव्हा त्यानं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायला सुरुवात केली, आणि टू-स्ट्रोक म्हणजे धूर, वास आणि तेलाचा खर्च ही जुनी ओळखही बरीचशी पुसली गेली.

दुसरी एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत रोचक वाटते. बहुतेक स्नोमोबाईलना मोटारीसारखा पुढं हवा लागणारा मोठा रेडिएटर नसतो. इंजिन गार करणारं पाणी मागच्या पट्ट्यावरच्या बोगद्यासारख्या पत्र्याच्या नळ्यांतून फिरतं आणि पट्ट्यानं उडवलेला बर्फ त्या नळ्यांवर आपटून त्यांना गार करतो. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांनाही वंगण बर्फाचंच. म्हणजे भुसभुशीत बर्फ नसेल, नुसतं टणक हिम असेल, तर इंजिन तापतं आणि खालचं प्लॅस्टिक वितळायला लागतं. लोक मग हिम खरवडून वर उडवणारे तारेचे आकडे बसवतात. अपुऱ्या हिवाळ्यात विक्री तर पडतेच, शिवाय जे बाहेर पडतात त्यांच्या गाड्याही जास्त बिघडतात, आणि ‘या वर्षीचं मॉडेल वाईट निघालं’ अशी हवा होते. हवामानाचा दोष कंपनीच्या नावावर जमा होतो.

आता भरवशाचं मोजमाप कसं करायचं? मोटारींच्या बाबतीत लाखो गाड्यांच्या अनुभवावरून काही सांगता येतं. इथं जगभरात वर्षाला विकल्या जाणाऱ्या गाड्या गेल्या दशकात सव्वा लाखाच्या आसपास राहिल्या; त्या स्की-डू, पोलॅरिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा या चार कंपन्यांत, डझनभर इंजिनांत आणि पन्नासेक मॉडेलांत वाटल्या गेल्या. एक माणूस सपाट, नांगरून ठेवलेल्या वाटेवर संथ चालवतो, दुसरा रॉकी पर्वतात तीन हजार मीटर उंचीवर कमरेएवढ्या बर्फात पूर्ण थ्रॉटल देऊन चढ चढवतो. दोघांच्या गाडीवर किलोमीटर सारखेच दिसतात. मग पुरावा उरतो तो स्वतःच्या गाडीचा, मेव्हण्याच्या गाडीचा आणि गावातल्या मेकॅनिकच्या बोलण्याचा. मेकॅनिक ज्या कंपनीची एजन्सी चालवतो त्या कंपनीच्या गाड्या त्याच्याकडे जास्त येतात, म्हणून त्याला त्याच जास्त बिघडताना दिसतात, आणि दुरुस्तही त्याच उत्तम करता येतात.

मोठा दोष उघड झाला तरी निष्ठा लगेच हलते असं नाही. २०२२ च्या डिसेंबरात पोलॅरिसनं आपल्या अनेक मॉडेलांच्या मालकांना गाड्या चालवू नका आणि डीलरना त्या विकू नका असं कळवलं. इंधनाच्या टाकीत स्थिर विजेची ठिणगी पडून वाफा पेटण्याचा धोका होता. ऐन हंगामाच्या तोंडावर गाडी शेडमध्ये उभी करायची, यापरतं वाईट या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं दुसरं नाही. लोक चिडले, पण ‘पोलॅरिसवाले’ बहुतांशी पोलॅरिसवालेच राहिले. कंपनी आहे, डीलर आहे, दोष कबूल केला आहे, सुटा भाग येणार आहे. रागाला पत्ता होता.

या निष्ठेची मुळं शोधायची तर गावांकडे जावं लागतं. क्युबेकमधल्या वॅलकूरचा जोसेफ-आर्मान बोंबार्दिए हा मुळात गॅरेजवाला. १९३४ च्या जानेवारीत त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बुजलेले होते, रुग्णालयापर्यंत पोचता आलं नाही आणि मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग त्याच्या आधीपासून चालू होते, पण त्यानंतर त्यानं ते तडीस नेले. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याच्या पहिल्या गाड्या बसएवढ्या होत्या आणि डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी चालत. १९४८ नंतर क्युबेक सरकारनं ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढायला सुरुवात केली आणि त्या मोठ्या गाड्यांची बाजारपेठच आटली. एकट्या-दुकट्यासाठीची छोटी पिवळी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. ती मिशनरी, फासेपारधी आणि सर्वेक्षक यांच्या कामाची म्हणून बनवली होती. लोकांनी ती मौजेसाठी उचलली. १९६८ मध्ये मिनेसोटाचा एक विमा एजंट, राल्फ प्लेस्टेड, स्की-डूवरून उत्तर ध्रुवापर्यंत गेला. त्याच्या तुकडीत बोंबार्दिएचा पुतण्या होता. जाहिरात म्हणून यापेक्षा मोठं काय हवं?

तिकडे मिनेसोटातल्या रोझो गावात शेतीची अवजारं करणारी हेटीन हॉइस्ट अँड डेरिक नावाची कंपनी होती. एडगर हेटीन बाहेरगावी असताना त्याचा भागीदार डेव्हिड जॉन्सन आणि दोन सहकाऱ्यांनी धान्य उचलणाऱ्या यंत्राचा पट्टा, जुन्या शेव्हर्लेचा बंपर आणि एक छोटं इंजिन जोडून बर्फावरची गाडी उभी केली. एडगर परत आला तेव्हा वेळ आणि सामान फुकट गेल्याबद्दल वैतागला. गाडी मात्र जवळच्या लाकडाच्या वखारवाल्यानं ४६५ डॉलरला विकत घेतली. ही पोलॅरिसची सुरुवात.

पुढची गोष्ट जास्त मजेदार आहे. १९६० मध्ये हाच एडगर अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे बाराशे मैल या गाड्या चालवत गेला. गाडी टिकते हे जगाला दाखवायचं होतं. परत आल्यावर कंपनीतल्या इतरांना ती मोहीम म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटली. बिनसलं, एडगर आपला वाटा सोडून निघाला आणि शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यानं दुसरी कंपनी काढली. तीच पुढं आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे अमेरिकेतले दोन कट्टर प्रतिस्पर्धी ब्रँड एकाच माणसाच्या हातून, एकाच भागातल्या दोन गावांतून निघाले, आणि त्या भांडणाचं कारणही गाडीच्या भरवशाची चाचणी हेच होतं.

रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्समध्ये ब्रँड म्हणजे पगार. काका तिथं वेल्डिंगला, आत्या पट्ट्याच्या विभागात, शाळेच्या संघाला देणगी कंपनीची. अशा गावात दुसऱ्या रंगाची गाडी घेणं म्हणजे घरच्या लग्नात शत्रुपक्षाच्या पंगतीला बसणं. तिथून ही निष्ठा फुटबॉलच्या संघासारखी आसपासच्या राज्यांत पसरली. पिवळी स्की-डू, हिरवी कॅट, निळी यामाहा असे रंग ठरले. जॅकेट, टोपी, हेल्मेट त्याच रंगाचं. मुलगा वडिलांच्या रंगात वाढला. सप्टेंबरात मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रांचला ‘हे डेज’ भरतात, तिथं गवतावरच्या शर्यती लागतात. अजून बर्फाचा पत्ता नसतो, पण रंग सगळे हजर असतात.

या भावनेला एक कोरडी व्यावहारिक बाजूही आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. वीस वर्षं एकाच कंपनीची गाडी चालवणाऱ्याच्या शेडमध्ये त्या कंपनीचे क्लच खोलायचे पुलर, जुने बेल्ट, जादा स्की आणि दोन बंद पडलेल्या गाड्यांचे सांगाडे असतात. त्याला त्या इंजिनाची नस माहीत असते. टू-स्ट्रोकचा वरचा भाग उघडून पिस्टन बदलणं त्याला घरी जमतं. ब्रँड बदलला की हे सगळं शून्यावर येतं. वरून डीलर: जवळचा डीलर अर्ध्या तासावर आणि दुसऱ्या कंपनीचा तीन तासांवर असेल, तर रंगाचा प्रश्न तिथंच संपतो. ब्रँडनिष्ठा म्हणून जी मोजली जाते तिच्यातला मोठा हिस्सा डीलरनिष्ठा असते.

फिनलंडच्या उत्तरेकडची एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यानं सेवेट्टियार्वी भागातल्या स्कोल्ट सामी लोकांचा अभ्यास करून १९७३ मध्ये पुस्तक लिहिलं. हे रेनडिअर पाळणारे लोक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पहिली स्नोमोबाईल आली आणि काही वर्षांतच गाडी ओढणारे रेनडिअर जवळजवळ दिसेनासे झाले. रेनडिअरला चारा जंगलातून मिळत असे, यंत्राला पेट्रोल दुकानातून आणावं लागे. पट्टा तुटला की रोख पैसे हवेत. ज्यांच्याकडे रोकड होती आणि ज्यांना यंत्र दुरुस्त करता येत होतं ते पुढं गेले. बाकीच्यांचे कळप विस्कटले, काहींनी हा व्यवसायच सोडला. आवाजानं आणि पाठलागानं जनावरंही बुजरी झाली. तिथं भरवसा हा मौजेचा विषय नव्हताच. सुटा भाग वेळेवर आला नाही तर कळप गोळा होत नव्हता.

मग जी गाडी सर्वांत कमी बिघडते ती सर्वांत जास्त खपायला हवी. यामाहाचा अनुभव अगदी उलटा आहे. या जपानी कंपनीनं १९६८ मध्ये पहिली स्नोमोबाईल आणली आणि २००३ च्या मॉडेलांत मोटरसायकलच्या घराण्यातलं चार सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन असलेली आरएक्स-१ आणली. पुढं तिनं टू-स्ट्रोक जवळजवळ सोडूनच दिलं. यामाहाचं इंजिन मोडत नाही ही ख्याती शत्रूही मान्य करत. तेल बदला, प्लग बदला, चालवत राहा. पण इंजिन जड होतं. खोल बर्फात गाडीचं नाक खाली जाई, आणि डोंगरी गिऱ्हाईक प्रत्येक किलोसाठी भांडतो. शिवाय जी गाडी पंधरा वर्षं टिकते तिचा मालक पंधरा वर्षं दुकानात फिरकत नाही.

नेमक्या त्याच २००३ च्या मॉडेलांत स्की-डूनं ‘रेव्ह’ आणली. इंजिन नवं नव्हतं. बदलली होती बसण्याची जागा. आधी माणूस मागं, पाय पुढं टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखा बसे. रेव्हनं त्याला पुढं, गाडीच्या मध्याजवळ, गुडघे वाकवून उभं राहता येईल असं बसवलं. खड्ड्याखुड्ड्यांच्या वाटेवर फरक पहिल्याच फेरीत कळायचा. काही हंगामांत सगळ्या कंपन्यांनी ती बैठक उचलली, आणि स्की-डूनं बाजारात जी आघाडी घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. भरवसा ही दारातून आत येण्याची अट असते. आत आल्यावर गिऱ्हाईक पैसे मोजतो ते गाडी अंगाखाली कशी वाटते याला.

यामाहानं शेवटी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. २०१४ च्या मॉडेलांपासून तिनं आर्क्टिक कॅटशी हातमिळवणी केली. यामाहाचं इंजिन कॅटच्या चासीत, आणि काही वर्षांनी यामाहाचा बिल्ला लागलेल्या बहुतेक मोठ्या गाड्या थीफ रिव्हर फॉल्समध्येच बनू लागल्या. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन दोघांच्या गाड्यांत. हिरव्या आणि निळ्या रंगावरून एकमेकांना चिडवणारे मालक एकाच कामगारानं बोल्ट आवळलेल्या गाड्यांवर बसलेले असत. २०२३ मध्ये यामाहानं जाहीर केलं की ती हा धंदा टप्प्याटप्प्यानं बंद करणार; उत्तर अमेरिकेत २०२५ ची मॉडेलं शेवटची. सर्वांत भरवशाची गाडी करणारी कंपनी बाजार पुरेसा मोठा नाही म्हणून निघून गेली. तिच्या जुन्या मालकांना फारशी भीती वाटली नाही, कारण मोटरसायकली, होडीची इंजिनं आणि सुट्या भागांचं जाळं घेऊन यामाहा जगात उभी आहेच. तोटा झाला तो कॅटचा. इंजिन देणारा गेला आणि कारखान्यातलं त्याच्या गाड्यांचं कामही गेलं.

बाजार लहान म्हणजे किती, याचा अंदाज जुन्या आकड्यांवरून येतो. १९७०-७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख स्नोमोबाईल खपत होत्या आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या शंभराहून जास्त होत्या. हार्ले-डेव्हिडसन, जॉन डीअर, कावासाकी, सगळ्यांनी हात मारून पाहिला. १९७३ चं तेलसंकट आणि काही कोरडे हिवाळे यांनी बहुतेकांना झाडून काढलं. १९९७ च्या आसपास जगभरातला खप पुन्हा अडीच लाखांवर गेला होता. त्यानंतरचा प्रवास उताराचा आहे.

विक्रीची पद्धतही अशी की धोका अखेर डीलरच्या अंगावर येतो. मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना, कंपन्या पुढच्या हंगामाची मॉडेलं दाखवतात. गिऱ्हाइकानं तेव्हा आगाऊ रक्कम भरली तर हवा तो रंग, हवा तो पट्टा आणि एरवीच्या एका वर्षाऐवजी दोन-तीन, कधी चार वर्षांची वॉरंटी मिळते. पोलॅरिसवाले याला ‘स्नो चेक’ म्हणतात. कंपनीला उत्पादनाचा अंदाज येतो. गिऱ्हाईक मात्र न चालवलेल्या गाडीवर आणि अजून न आलेल्या हिवाळ्यावर पैसे लावतो. बाकीच्या गाड्या डीलर कर्जावर उचलून ठेवतो. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सर्वांत उबदार ठरला. राज्यात बावीस हजार मैलांच्या वाटा आहेत, स्वयंसेवक क्लब त्या सपाट करून ठेवतात. त्या वर्षी त्यांतल्या कित्येक हंगामभर उघडल्याच नाहीत. गाड्या दुकानात राहिल्या, त्यांच्यावर व्याज चढत राहिलं, आणि व्याजाचे दरही तेव्हा चढे होते. स्की-डूची मालक बीआरपी आणि पोलॅरिस या दोघींनी उत्पादन आवरतं घेतलं. त्यांच्याकडे बर्फाबाहेरचे मोठे धंदे आहेत, त्यामुळे त्या तग धरू शकल्या. (पोलॅरिस हे नाव आपल्याकडच्या काहींना आयशरबरोबर काढलेल्या ‘मल्टिक्स’ या छोट्या गाडीमुळे आठवेल, २०१५ मध्ये आलेली ती गाडी २०१८ मध्ये बंद झाली.)

आता टेक्स्ट्रॉन. हेलिकॉप्टर, विमानं आणि गोल्फच्या गाड्या करणारा हा अवाढव्य समूह. १९६८ मध्ये त्यानं पोलॅरिस विकत घेतली होती. १९८१ मध्ये कंटाळून ती सोडून दिली आणि हॉल वेन्डेल या व्यवस्थापकाच्या पुढाकारानं तिथल्याच लोकांनी ती विकत घेतली. त्यानंतर पोलॅरिस वाढतच गेली. २०१७ मध्ये त्याच टेक्स्ट्रॉननं सुमारे २४.७ कोटी डॉलरला आर्क्टिक कॅट घेतली आणि आठ वर्षांनी तीही सोडून दिली. एकाच समूहानं दोन शेजारगावांतल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना चार-पाच दशकांच्या अंतरानं विकत घ्यावं आणि दोघांनाही टाकून द्यावं, हा योग धंद्याच्या इतिहासात दुर्मीळ असावा. मला यात टेक्स्ट्रॉनचा मूर्खपणा दिसत नाही. जो समूह दर तीन महिन्यांनी भागधारकांना हिशेब देतो त्याला आभाळावर चालणारा धंदा सोसत नाही, एवढंच.

कॅटचं पहिलं मरण १९८१ चं. लागोपाठ दोन हिवाळे बर्फाविना गेले, व्याजदर आकाशाला भिडले आणि तेव्हाची आर्क्टिक एंटरप्रायझेस दिवाळखोरीत गेली. गावातली यंत्रं लिलावात निघाली. पण कंपनीतल्याच काही जुन्या माणसांनी नाव आणि नकाशे सोडवून घेतले आणि १९८३ मध्ये पुन्हा थोड्या गाड्या बनवल्या. मधल्या काळात मालकांनी जुन्या कॅट चालवत ठेवल्या होत्या, डीलर पूर्ण पांगले नव्हते, इंजिन सुझुकीकडून येत होतं. गाडी परतली तेव्हा ती घेणारे लोक वाट पाहत होते. निष्ठेनं कंपनी वाचवल्याचं हे खरंखुरं उदाहरण आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रॅड डार्लिंग या कॅटच्याच माजी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालच्या गटानं टेक्स्ट्रॉनकडून कंपनी घेतली तेव्हा सगळ्यांना १९८३ चीच आठवण झाली. डार्लिंग तेव्हा आठ चाकांची उभयचर वाहनं करणाऱ्या आर्गोचा प्रमुख होता. म्हणजे विकत घेणाऱ्याला हा धंदा आतून माहीत होता. थीफ रिव्हर फॉल्समध्ये काम पुन्हा सुरू झालं.

पण दोन वेळांत फरक आहे, आणि तो कॅटच्या बाजूचा नाही. १९८३ मध्ये इंजिन बाहेरून तयार मिळत होतं. आता यामाहा गेल्यावर फोर-स्ट्रोकची जागा रिकामी आहे आणि हाताशी स्वतःचं ८५८ सीसीचं टू-स्ट्रोक आणि त्याची भावंडं आहेत. तेव्हाची गाडी शेडमध्ये उघडून दुरुस्त करता येई. आताच्या गाडीला संगणक जोडणारा डीलर लागतो, आणि अनिश्चिततेच्या काळात ज्या डीलरांनी दुसऱ्या कंपनीची पाटी लावली ते सगळे परत येतीलच असं नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडूनही लगेच आधार नाही. माँट्रियलच्या टायगानं त्या बनवल्या आणि २०२४ मध्ये तिला धनकोंपासून संरक्षण मागावं लागलं; स्की-डूच्या विजेच्या मॉडेलचा पल्ला पन्नास किलोमीटरच्या घरातला, म्हणजे सहली चालवणाऱ्यांपुरता.

नव्या मालकांना आधी गोदामातले सुटे भाग वेळेवर पोचवावे लागतील, जुनी वॉरंटी पाळावी लागेल, मग डीलर, आणि त्यानंतर नवं मॉडेल. गिऱ्हाईक पाहणार आहे तो हाच क्रम. तोवर त्यांच्या नव्या गाडीला सर्वांत मोठी स्पर्धा स्की-डूची नाही की पोलॅरिसची नाही. ती आहे मागच्या दोन हंगामांतल्या, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेल्या, हजारो डॉलरच्या सवलतीत डीलरच्या अंगणात उभ्या असलेल्या कॅटची.